पुढच्या गुरुवारी सांगतो

जूनच्या शेवटच्या सभेत आमच्या क्लबात एका ठरावावर मतदान आहे. दर गुरुवारची सभा बंद करावी, महिन्यातून दोनदाच जमावं आणि मधलं जे काही असेल ते व्हॉट्सअ‍ॅपवर ठरवावं, असा तो ठराव. मांडणारे माझे मित्र आहेत. त्यांची कारणं खरी आहेत आणि बहुतेक ठराव मंजूरच होईल. मी विरोधात मत देणार आहे. हात वर करून गप्प बसावं इतका हा विषय मला किरकोळ वाटत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

क्लब चाकाचा की सिंहाचा, म्हणजे रोटरी की लायन्स, ते सांगत नाही. तालुक्याच्या गावात सगळे सेवाभावी क्लब लांबून सारखेच दिसतात. मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावरचा हॉल, टेबलावर पितळी घंटा आणि लाकडी हातोडी, मागे बॅनर, अध्यक्षांच्या गळ्यात पट्टा. वेळ साडेआठची, सुरुवात सव्वानऊला, कारण बाजारपेठेतली शटर्स त्याआधी खाली येत नाहीत. घंटा वाजते आणि अध्यक्ष म्हणतात, ‘आय कॉल द मीटिंग टू ऑर्डर.’ समोर बसलेल्यांपैकी एकाच्याही घरात इंग्रजी बोलत नाहीत, पण घंटेला मराठी कळत नसावं. मग या आठवड्यातले वाढदिवस, लग्नाचे वाढदिवस, सेक्रेटरींच्या सूचना. मग वक्त्याचा परिचय. परिचय करून देणारा कागदावरचा बायोडेटा जन्मगावापासून वाचतो, त्यामुळे ‘तणावमुक्त जीवन’ या विषयाला उरतात वीस मिनिटं. त्यातली आठ लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडण्यात जातात. खालच्या मजल्यावर साखरपुडा असला तर उरलेली बारा बँजोच्या वाट्याला. शेवटी आभार आणि जेवण: पनीर, जिरा राईस, गुलाबजाम, माणशी साडेतीनशे रुपये.

सभा म्हणजे एवढंच असेल, तर महिन्यातून दोनदासुद्धा जास्तच आहे. हे मी आधीच मान्य करून टाकते.

माझं मत बदललं ते एका पत्र्याच्या ट्रंकेमुळे. सेक्रेटरीपद माझ्याकडे आलं तेव्हा आधीच्या सेक्रेटरींनी ती ट्रंक माझ्या लॅबमध्ये आणून ठेवली. आत जुन्या इतिवृत्ताच्या वह्या होत्या, काळ्या पुठ्ठ्याच्या, लाल कापडी कण्याच्या. रक्ताच्या नमुन्यांचं मशीन चालू असताना मधल्या वेळात मी त्या वाचत बसायचे. एका वहीत एक नोंद सापडली: ‘स्मशानभूमीच्या शेडमध्ये दिवा नाही. रात्रीच्या अंत्यविधीस गॅसबत्ती न्यावी लागते. पाहतो, असे’, आणि पुढे एका सभासदाचं नाव. पुढच्या आठवड्याची नोंद: ‘स्मशानातील दिवा. साहेबांची भेट झाली नाही.’ त्याच्या पुढच्या आठवड्यात साहेब रजेवर. मग अर्ज दिला. मग अर्ज सापडत नाही. मग दुसरा अर्ज, पोच घेऊन. मग वीज मंडळ म्हणतं की खांब नगरपालिकेने द्यावा, नगरपालिका म्हणते मंडळाने द्यावा. असं अकरा आठवडे चाललं. बाराव्या आठवड्यात एकच ओळ: ‘दिवा लागला. खांब क्लबाचा, बिल नगरपालिकेचे.’ फोटो नाही, अभिनंदनाचा ठराव नाही. लगेच पुढची नोंद कुठल्याशा मेळाव्यासाठी लागणाऱ्या खुर्च्यांची.

मग मी माझ्या स्वतःच्या वर्षाचं इतिवृत्त काढून पाहिलं. अक्षर सुरेख, उपक्रमांची संख्या भरपूर. फक्त एकही विषय दोनदा आलेला नाही. जे केलं ते एका सकाळी सुरू झालं, त्याच सकाळी संपलं आणि दुपारपर्यंत वर्तमानपत्राच्या प्रतिनिधीला फोटो गेला. बसस्थानकावर आम्ही पाण्याचा कूलर बसवला. त्यावरची क्लबाच्या नावाची पाटी नळापेक्षा मोठी आहे. कूलर एक उन्हाळा चालला. पाटी अजून आहे.

त्याच बसस्थानकावरच्या बायकांच्या स्वच्छतागृहाचा विषय मी तीनदा काढला होता. कडी नाही, पाणी नाही, दिवा नाही. तीनदा म्हणजे सहा महिन्यांत तीनदा, कारण मधल्या सभा शपथविधी, डिस्ट्रिक्टचे (म्हणजे क्लबांच्या विभागाचे) पाहुणे, कोजागरी आणि लग्नसराईत गेल्या. दर वेळी ‘बघू’ झालं. दर वेळी ऐकणारे वेगळे होते, त्यामुळे मागच्या वेळी ‘बघू’ कोण म्हणालं होतं हे कुणालाच आठवत नव्हतं. खरं सांगायचं तर तिसऱ्या वेळी मलाही आठवेना.

आमच्या गावचा बाजार मंगळवारचा. बाजारात उधारी कशी चालते हे ज्यांनी पाहिलंय त्यांना माझं म्हणणं लगेच कळेल. ‘पुढच्या बाजाराला देतो’ या तीन शब्दांवर कांदे, सुकी मासळी, विळे, कोंबड्या, काय वाटेल ते हात बदलतं. ना कागद, ना साक्षीदार. हे चालतं, कारण सात दिवसांनी दोघंही त्याच जागी उभे असणार हे दोघांनाही माहीत असतं. सात दिवस ही मुदत अशी आहे की तेवढ्यात काम होऊ शकतं, आणि ते नाही झालं तर दिलेला शब्द मात्र विसरला जात नाही. बाजार महिन्यातून एकदा भरला असता, तर उधारी कुणीच दिली नसती. साप्ताहिक सभेचा सगळा जीव एवढ्यात आहे. ‘पाहतो’ म्हणालेल्या माणसाला पुढच्या गुरुवारी त्याच चेहऱ्यांपुढे उभं राहून ‘भेट झाली नाही’ म्हणावं लागतं. हे तो दोनदा म्हणू शकतो. चौथ्यांदा म्हणण्यापेक्षा त्याला साहेबांच्या केबिनबाहेर तासभर बसणं सोपं वाटतं.

गंमत अशी की या क्लबांचा मूळ इतिहासही असल्याच एका कामाचा आहे. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोत पॉल हॅरिस हा वकील आणि त्याचे तीन ओळखीचे, एक खाणीचा इंजिनिअर, एक कोळशाचा व्यापारी आणि एक शिंपीकामाचा व्यवसाय करणारा, त्या इंजिनिअरच्या कचेरीत जमले. पाळीपाळीने एकेकाच्या कचेरीत बसायचं, म्हणून नाव रोटरी. हेतू फार उदात्त होता असं नाही. परक्या शहरात चार माणसं ओळखीची व्हावीत आणि एकमेकांना धंदा मिळावा, एवढाच. सेवा नंतर आली, आणि पहिलं सार्वजनिक काम कोणतं असेल? शिकागोत सार्वजनिक स्वच्छतागृह. दोन वर्षं ही मंडळी नगर प्रशासनाच्या मागे लागली होती. विरोध दारूवाल्यांचा आणि मोठ्या दुकानदारांचा. आमच्या गुत्त्यात पुरुषांची सोय आहे, आमच्या दुकानात बायकांची सोय आहे, मग वेगळं कशाला, असं त्यांचं म्हणणं. आत आलेलं माणूस काहीतरी विकत घेतं, हे कारण त्यांनी सांगितलं नसणार. शेवटी १९०९ मध्ये ते स्वच्छतागृह उभं राहिलं. आमच्या बसस्थानकासमोरचा हॉटेलवालाही ‘चहा घेतला तर वापरा’ म्हणतो. शंभराहून जास्त वर्षं झाली, शिकागो ते आमचा तालुका एवढं अंतर, पण युक्तिवाद तोच.

मुद्दा असा की स्वच्छतागृह हे एका सकाळचं काम नाही. ते देणगी देऊन होत नाही, फीत कापून तर नाहीच. त्याला कुणीतरी सतत टोचत राहावं लागतं, आणि टोचणाऱ्यालाही टोचणारं कुणीतरी लागतं.

ठरावाच्या बाजूने आमचे एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, ‘अहो मॅडम, एकादशीसुद्धा पंधरा दिवसांनी येते, म्हणून भक्ती कमी होते का?’ सगळे हसले, मीही हसले. पण विठोबा अठ्ठावीस युगं उभा आहे, आणखी पंधरा दिवस थांबेल. नगरपालिकेचे मुख्याधिकारी तीन वर्षांत बदलून जातात आणि आमचा अध्यक्ष तर एका वर्षात. १ जुलैला नवा अध्यक्ष, ३० जूनला तो माजी. महिन्याला दोन म्हणजे वर्षाला चोवीस सभा. त्यातून पदग्रहण, डिस्ट्रिक्ट गव्हर्नरांची भेट, दिवाळी, वार्षिक सहल आणि ज्या दिवशी गावात मोठं लग्न आहे असे दिवस वजा करा. सतरा-अठरा राहतात. एवढ्या सभांत अध्यक्षाची सगळ्यांशी नीट ओळख होते आणि त्याची मुदत संपते.

हा सैलपणा आमच्याच क्लबाने शोधलाय असं नाही. रोटरीत पूर्वी सलग चार सभा चुकवल्या तर सभासदत्व जायची वेळ यायची. सभा चुकली तर दुसऱ्या कुठल्याही गावच्या क्लबात हजेरी लावून ती भरून काढायची सोय होती, तिला ‘मेक-अप’ म्हणतात. माझ्या ओळखीचे एक कापड दुकानदार सुरतेला खरेदीला गेले की तिथल्या क्लबाची चिठ्ठी घेऊन यायचे आणि सेक्रेटरीपुढे रेल्वेच्या तिकिटासारखी ठेवायचे. २०१६ मध्ये रोटरीच्या नियम ठरवणाऱ्या परिषदेने क्लबांना मोकळीक दिली: महिन्यातून किमान दोनदा भेटलात तरी चालेल, ऑनलाइन भेटलात तरी चालेल. पुढे २०२० मध्ये करोना आला आणि ऑनलाइनची सवयच लागली. जगभर सभासद टिकत नव्हते, तरुण येत नव्हते, म्हणून ही सूट. कारण समजण्यासारखं आहे. पण किमान म्हणून जी पायरी ठेवली ती सगळ्यांनी कमाल म्हणून वापरायला घेतली, आणि तरुण तरीही आले नाहीत. निदान आमच्याकडे तरी नाहीत.

आणि व्हॉट्सअ‍ॅप. ग्रुपवर मी लिहिलं होतं, ‘स्वच्छतागृहाच्या अर्जासाठी सोमवारी आगारप्रमुखांकडे कोण येईल?’ सव्वीस अंगठे आले. सोमवारी मी एकटी. मराठीत अंगठा दाखवणं म्हणजे काय, हे आपण बहुधा विसरलो आहोत. समोरासमोर विचारलं असतं तर सव्वीस जणांनी हो म्हटलं नसतं. दोघांनी म्हटलं असतं, पण ते दोघे आले असते.

यावर मला सांगितलं जातं की तरुणांना वेळ नाही, आठवड्याला एक संध्याकाळ कोण देणार? मी लॅबच्या मागच्या वस्तीकडे बोट दाखवते. तिथे बायकांचा बचत गट आहे. मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात दर शुक्रवारी दुपारी तीन वाजता सतरंजी पडते. बचत गटांची पंचसूत्री गावोगावच्या बायकांना पाठ असते: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, हिशेबाच्या वह्या. क्रम बघा. पैसा दुसऱ्या नंबरवर आहे, पहिल्यावर बैठक. गैरहजर राहिलं तर दंड. माझ्या लॅबमध्ये साफसफाई करणाऱ्या बाई त्या गटाच्या सचिव आहेत. शुक्रवारी तीन म्हणजे तीन, मग माझ्याकडे कितीही पेशंट असोत. एकदा मी म्हणाले, ‘आजच्या दिवस चार वाजता गेलात तर?’ त्या म्हणाल्या, ‘ताई, मी उशिरा गेले की बाकीच्या पुढच्या वेळी येतच न्हाईत.’ संस्थेच्या व्यवस्थापनावर मी पुष्कळ व्याख्यानं ऐकली आहेत, बरीचशी त्याच गुरुवारच्या हॉलमध्ये. या एका वाक्याच्या तोडीचं त्यातलं काही आठवत नाही.

तुलना पूर्ण बरोबरीची नाही, हे मला कळतं. त्यांचे स्वतःचे पैसे त्यात आहेत, मुलाची फी आणि म्हशीचं कर्ज त्यात आहे. आमचं काय आहे? वार्षिक वर्गणी आणि कोटाला लावायची पिन. म्हणूनच तर आम्हाला आठवड्याची जास्त गरज आहे. ज्या कामात स्वतःचा फायदा नाही ते काम निव्वळ चारचौघांच्या लाजेखातर होतं, आणि लाज महिनाभर टिकत नाही.

आता दुसरी बाजू. साप्ताहिक सभा राहावी म्हणताना आजची सभा आहे तशी राहावी असं मी अजिबात म्हणत नाही. रात्री साडेआठला सभा ठेवली की त्यातून गावातल्या निम्म्या माणसांना आपण न बोलता वगळतो. या क्लबांनी बायकांना बराच काळ उघडउघड वगळलं होतं. कॅलिफोर्नियातल्या दुआर्ते गावच्या क्लबाने बायकांना सभासद करून घेतलं, म्हणून १९७८ मध्ये त्याची सनद काढून घेतली गेली. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं, १९८७ मध्ये निकाल बायकांच्या बाजूने लागला आणि १९८९ मध्ये रोटरीने जगभरासाठी नियम बदलला. नियम बदलला, पण घड्याळ बदललं नाही. रात्री साडेआठ ही वेळ दुकान बंद करणाऱ्या पुरुषाची आहे. भाकरी टाकणाऱ्या बाईची नाही, रात्रपाळीला निघालेल्या नर्सचीही नाही. मी क्लबात आले तेव्हा सभासदांच्या बायकांना हाक मारायला खास शब्द होता, पण माझ्या नवऱ्याला काय म्हणायचं यावर दोन सभा चर्चा झाली. निर्णय झाला नाही, आणि तो बिचारा नंतर जेवायलाही आला नाही.

आणि जेवण. शिकागोची ती चार माणसं एकमेकांच्या कचेरीत बसत होती. हॉटेलं आली ती सभासद वाढल्यावर. साडेतीनशेचं ताट चार गुरुवार म्हणजे चौदाशे रुपये महिना, वर्गणी वेगळी. एवढं परवडणाऱ्यांचाच क्लब झाला आहे. या क्लबांमागची मूळ कल्पना फार चांगली होती: प्रत्येक व्यवसायाचा एक माणूस, म्हणजे टेबलाभोवती सगळं गाव बसेल. वर्गीकरण म्हणतात त्याला. आमच्याकडे बेचाळीस सभासदांत अकरा बिल्डर आहेत, सात डॉक्टर. वायरमन नाही, एसटीचा कंडक्टर नाही, शाळेचा शिपाई नाही, आणि शेतीच्या तालुक्यात ज्याचं पोट फक्त शेतीवर आहे असा एकही शेतकरी नाही. सभासदांची आडनावं सलग वाचली तर गावातल्या निम्म्या पेठा त्यात सापडत नाहीत. अकरा बिल्डरांना एकमेकांना भेटायला क्लब कशाला हवा? ते रजिस्ट्रार कचेरीत भेटतातच.

गेल्या पावसाळ्यात ठरलेला वक्ता आला नाही, म्हणून कुणीतरी महावितरणच्या एका वायरमनला आयत्या वेळी बोलावलं. त्याचा परिचय कुणाकडे लिहिलेला नव्हता, त्यामुळे तो लगेच बोलायला लागला. त्याने खिशातून टेस्टर काढला आणि हॉलच्याच भिंतीवरच्या प्लगमध्ये, तीन भोकांपैकी वरच्या मोठ्या भोकाला काय म्हणतात ते विचारलं. ‘अर्थिंग’ सगळ्यांना माहीत होतं. ‘मग तुमच्या घरचं अर्थिंग शेवटचं कधी तपासलं?’ एकही हात वर नाही. मग त्याने सांगितलं की पावसाळ्यात लोखंडी तारेवर कपडे वाळत घालणाऱ्या बाईला शॉक कसा बसतो, घरावरून गेलेली वायर कुठे घासते, पत्र्यात करंट कसा उतरतो, आणि तिला धरायला धावणारा दुसरा माणूस का जातो. आधी मेन स्विच, मग माणूस, हे त्याने तीनदा म्हणून घेतलं. लॅपटॉप नव्हता. त्या रात्री जेवण थंड झालं आणि कुणी तक्रार केली नाही. जाताना मी त्याला म्हटलं, ‘सभासद व्हा ना.’ त्याने वर्गणी विचारली, मी सांगितली. तो हसला आणि मोटारसायकलला किक मारली.

एक गंभीर आक्षेप उरतो. मोठी कामं असल्या गप्पांतून होत नाहीत, ती पैसा आणि मोहिमांतून होतात. पोलिओचं बघा, असं म्हणतात. बघू या. रोटरीने १९८५ मध्ये पोलिओविरुद्ध जगभराची मोहीम घेतली, भारतात १९९५ पासून पल्स पोलिओचे रविवार सुरू झाले, जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमधल्या हावड्यात शेवटचा रुग्ण सापडला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त ठरला. यातला मोठा वाटा सरकारी आरोग्य यंत्रणेचा, घरोघर फिरलेल्या परिचारिका आणि अंगणवाडी ताईंचा आहे. क्लबांनी सगळं श्रेय आपल्या बॅनरवर घेऊ नये. पण मोहीम म्हणजे तरी काय होतं? तेच बूथ, तीच पेटी, तेच दोन थेंब, करंगळीवर तीच खूण, वर्षानुवर्षं. पुन्हा पुन्हा तेच करण्याचा कंटाळा न येणं हीच त्या कामाची सगळी कला होती. एका सकाळच्या फोटोवर पोलिओ गेला नसता.

म्हणून ठरावाला मी एक उपसूचना दिली आहे. सभा दर गुरुवारीच, पण संध्याकाळी सहा वाजता, पाऊण तास. मंगल कार्यालयात नाही, नगर वाचनालयाच्या खालच्या खोलीत. ती फुकट मिळते. चहा आणि पार्ले-जी, जेवण तीन महिन्यांतून एकदा. कामकाज मराठीत. वक्ता महिन्यातून एकच, तो शक्यतो गावातला आणि परिचय दोन वाक्यांचा. वर्गणी निम्मी. आणि सभेच्या सुरुवातीला, वाढदिवसांच्याही आधी, मागच्या आठवड्यात ‘पाहतो’ म्हणालेल्यांची नावं वाचायची. बस्स.

घटनेप्रमाणे उपसूचना चर्चेला घ्यायची तर सूचक आणि अनुमोदक अशा दोन सह्या लागतात. सूचक म्हणून माझी सही झाली आहे. अनुमोदनासाठी कागद घेऊन परवा मी त्या ज्येष्ठ सभासदांकडे, एकादशीवाल्यांकडेच गेले होते, कारण स्मशानातल्या दिव्याच्या नोंदीपुढे जे नाव आहे ते त्यांचं आहे. त्यांनी जुन्या वहीचं ते पान दोनदा वाचलं, चष्मा पुसला, चहा पाजला आणि म्हणाले, ‘ठेवून जा. पुढच्या गुरुवारी सांगतो.’